कौले फोडण्याआधी वाकायला शिकू द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मे महिना सरता सरता कराटेच्या उन्हाळी शिबिरांच्या समारोपाच्या बातम्या छापून येतात, तशा यंदाही आल्या. एका फोटोत आठ-नऊ वर्षांचा मुलगा मुठीने मंगलोरी कौले फोडतो आहे, शेजारी दोघे ट्यूबलाइट धरून उभे आहेत आणि मागच्या फलकावर 'एका वर्षात ब्लॅक बेल्ट' असे ठळक लिहिले आहे. बातमी छापली याबद्दल माझी तक्रार नाही. पण त्या फोटोकडे बघून इचलकरंजीतल्या आणि आसपासच्या गावांतल्या आईवडिलांचा कराटे म्हणजे हेच असा समज होतो. मग जूनमध्ये मुलाला वर्गात घालताना ते पहिला प्रश्न विचारतात, "कौले कधी फोडायला लावणार?" आणि दुसरा, "बेल्ट कधी मिळणार?" मी कित्येक वर्षे शोतोकान पद्धतीचे कराटे शिकवते. या दोन प्रश्नांना मी देते ते उत्तर आपल्या वाचकांपर्यंतही पोचावे, म्हणून हे पत्र.

आधी कौलांचे सांगते. वाढत्या वयात हाडांच्या टोकांशी मऊ कूर्चेचे पट्टे असतात. हाड तिथूनच वाढते. किशोरवय संपत येईपर्यंत हे पट्टे पुरते भरून निघालेले नसतात. त्यावर वारंवार मार बसला तर बोट किंवा मनगट वाकडे वाढण्याचा धोका असतो, आणि दुखणे लगेच दिसतेच असे नाही. साधी मूठ वळायला शिकवावी तरी मुलाला वेळ लागतो. चार बोटे आत घट्ट वळायची, अंगठा बाहेरून पहिल्या दोन बोटांवर आडवा ठेवायचा, मनगट सरळ, आणि मार लागायचा तो फक्त तर्जनी आणि मधल्या बोटाच्या पेरांवर. नवीन मूल हमखास अंगठा मुठीच्या आत लपवते. त्या मुठीने कौलावर मारले तर आधी अंगठा मोडेल. दहा वर्षांच्या मुलाकडून टाळ्यांसाठी कौले फोडून घेणे मला मान्य नाही आणि आमच्या वर्गात ते होत नाही.

मग वर्गात होते तरी काय, असे पालक विचारतात. पहिल्या दिवशी ते मागे बसून बघतात आणि त्यांचा चेहरा उतरतो. कारण पहिली पंधरा-वीस मिनिटे मुले झाडू मारतात, फरशी पुसतात, रांगेत उभी राहतात, गुडघ्यांवर बसतात, डोळे मिटतात आणि वाकतात. एक वडील मला स्पष्टच म्हणाले, "मॅडम, आम्ही फी भरतो ती काय झाडू मारायला?"

होय, झाडू मारायलासुद्धा. आमचा वर्ग एका शाळेच्या हॉलमध्ये भरतो. खाली शहाबादी फरशी आहे आणि आजूबाजूला यंत्रमाग. कापसाचा तूस उडत येतो आणि दिवसभरात फरशीवर त्याचा पातळ थर बसतो. आम्ही अनवाणी सराव करतो. पुढच्या पायावर सगळा भार टाकून मूल कंबर फिरवते, त्या क्षणी टाचेखाली तूस किंवा वाळूचा एक खडा आला तर पाय घसरतो आणि गुडघा पिरगळतो. झाडण्याचे पहिले कारण इतके साधे आहे. जपानमध्ये शाळेतली मुलेही आपला वर्ग आपणच झाडतात-पुसतात, त्यामुळे तिथल्या डोजोत, म्हणजे कराटेच्या सरावाच्या जागेत, याचे कोणाला नवल वाटत नाही. आपल्याकडे मात्र झाडू हातात आला की मुलगे तो शेजारच्या मुलीकडे सरकवतात, कारण घरी तेच बघितलेले असते. म्हणून आमच्याकडे ओला कपडा घेऊन सगळ्यांत आधी ब्राउन बेल्टवाले मुलगे खाली बसतात. पांढऱ्या पट्ट्याची चिमुरडी मग त्यांच्यामागे धावत फरशी पुसतात. या एका गोष्टीसाठी मी कुणाशीही वाद घालायला तयार असते.

मग रांग लागते. समोर तोंड करून उभे राहिले की उजवीकडे वरचे बेल्ट, डावीकडे नवीन. उशिरा आलेले मूल दाराशी गुडघे टेकून बसते आणि खूण झाली की आत येते. त्याला कोणी ओरडत नाही, पण शिकवणे चालू असताना ते मधूनच घुसतही नाही. कपडे नीट करायचे असतील तर पाठ फिरवून करायचे. दोघे समोरासमोर सराव करत असतील तर त्यांच्या मधून जायचे नाही, मागून जायचे. यांतले बरेच नियम शिस्तीचे वाटतात, पण बघितले तर ते डोळा फुटू नये, दात पडू नये म्हणूनच आहेत. बाहेर फेकलेल्या लाथेच्या वाटेत दुसरे मूल आले तर काय होते ते मला इथे लिहायची गरज नाही.

नखे आणि दागिने रोज तपासतो. मनगटातले कडे, गळ्यातला ताईत, पैंजण, कानातल्या रिंगा सगळे काढून डबीत. राखीपौर्णिमेनंतर आठवडाभर मुलांच्या हातात चमकीच्या राख्या असतात, त्या काढायला मुले रडकुंडीला येतात. मग ती राखी ड्रेसच्या आतल्या बाजूला सेफ्टी पिनने नव्हे, दोऱ्याने टाचून देते. सेफ्टी पिन कशी चालेल? गळ्यातला काळा दोरा काढायला काही घरांची तयारी नसते. अशा वेळी त्यावर घट्ट पट्टी बांधते. श्रद्धेचा मान राहतो आणि समोरच्याच्या बोटात दोरा अडकतही नाही.

ड्रेस घालताना डावा पदर उजव्यावर यायला हवा. जपानमध्ये उजवा पदर वर येतो तो फक्त मृत माणसाला नेसवताना. हे सांगितले की मुले पुन्हा कधी चुकत नाहीत. पट्ट्याची गाठ बेंबीखाली, आणि गाठीची दोन्ही टोके सारख्या लांबीची. सहा वर्षांच्या मुलाला ही गाठ शिकवणे हे माझे सगळ्यांत आवडते काम. मी त्याच्या मागे गुडघ्यावर बसते आणि पाठीमागून माझे हात त्याच्या हातांवर ठेवते. पट्टा पोटावरून दोन वेढे, डावे टोक दोन्ही वेढ्यांखालून वर, मग एक फास, मग ओढणे. पहिल्यांदा गाठ उभी राहते, दुसऱ्यांदा सुटते, तिसऱ्यांदा ते मूल दोन्ही टोके हातात धरून खाली बघते, एक टोक लांब असते, आणि ते स्वतःहून पुन्हा सगळे सोडते. मी सांगितलेले नसते. ज्या दिवशी मूल असे आपणहून सोडून पुन्हा बांधते, त्या दिवसापासून ते शिकायला लागले असे मी समजते. आईने घरून बांधून पाठवलेली गाठ मी दारातच सोडायला लावते, आयांनी रागावू नये.

आता वाकण्याविषयी. हा भाग जरा नाजूक आहे आणि त्यावर मोकळेपणाने बोलायला हवे. वर्ग सुरू होताना आणि संपताना मुले सेइझा घालतात, म्हणजे गुडघे दुमडून टाचांवर बसतात. आधी डावा गुडघा टेकतो, मग उजवा. उठताना आधी उजवा पाय. पाठ ताठ, हात मांड्यांवर. 'मोकुसो' म्हटले की डोळे मिटायचे आणि श्वासाकडे लक्ष द्यायचे. मग समोरच्या दिशेला, शिक्षकाला आणि एकमेकांना असे तीन वेळा वाकायचे. आमच्या गावात मराठा, लिंगायत, जैन, मुस्लिम, सगळ्यांची मुले येतात. एका वडिलांनी मला विचारले, "आमचा मुलगा कुणापुढे डोके टेकवतो?" त्यांच्या विचारण्यात राग नव्हता, काळजी होती, आणि असा प्रश्न विचारण्याचा प्रत्येक पालकाला हक्क आहे. मी त्यांना हॉल दाखवला. आमच्या भिंतीवर ना देवाचा फोटो, ना कुणा गुरूचा. समोर वाकायचे ते ज्या जागेत शिकतो त्या जागेला. त्यांचा मुलगा आजही येतो, बसून न वाकता उभ्याने वाकतो, आणि वाकताना हात मांड्यांशी ठेवतो. कुणाला यात उणेपणा वाटलेला मी पाहिला नाही. उलट्या बाजूने, काही मुले गुरुपौर्णिमेला हार घेऊन येतात आणि पाया पडतात. त्या मुलांना मी सांगते की घरच्या मोठ्यांच्या पाया पडा, इथे रांगेतून सगळे वाकतात तेवढे पुरे. रांगेत वाकताना मीही त्यांना वाकते, हे महत्त्वाचे आहे. जो शिक्षक मुलांचे वाकणे नुसते घेतो आणि स्वतः मान हलवत नाही, तो नमस्काराचा अर्धा भाग गिळून टाकतो.

आपल्या भागात हे समजावणे सोपे जाते, कारण कोल्हापूरच्या तालमीत उतरणारा पैलवान तांबड्या मातीला हात लावून तो कपाळाला लावल्याशिवाय आखाड्यात पाऊल टाकत नाही. गंगावेस किंवा मोतीबाग तालमीत वाढलेल्या आजोबांना मी वाकण्याचे कारण सांगायला गेले, तर तेच मला चार गोष्टी जास्त सांगतात.

आधुनिक कराटेचा पाया घालणारे गिचिन फुनाकोशी हे जपानच्या ओकिनावा बेटावरचे शाळाशिक्षक होते. १९२२ साली ते कराटेचे प्रात्यक्षिक दाखवायला टोकियोला आले आणि तिथेच राहिले. त्यांनी घालून दिलेल्या वीस सूत्रांतले पहिलेच सूत्र सांगते की कराटेची सुरुवात आणि शेवट नमस्काराने होतो. दुसरे सांगते, कराटेत पहिला वार नसतो. ही दोन्ही सूत्रे वर्गात प्रत्यक्ष दिसतात. काता म्हणजे ठरलेल्या क्रमाने करायच्या हालचालींची मालिका. मुलांना शिकवतो तो पहिला काता, हेइआन शोदान, डावीकडे वळून खालचा वार अडवण्यापासून सुरू होतो. फुनाकोशींचे गुरू आन्को इतोसू यांनी गेल्या शतकाच्या सुरुवातीला ओकिनावाच्या शाळांत कराटे आणले, तेव्हा मुलांना झेपतील असे काते त्यांनी मुद्दाम बसवले. शाळेतल्या लेकरांना झेपेल ते आणि तेवढेच द्यावे, हा विचार तेव्हापासूनचा आहे. कौले कुठेच नव्हती.

आता बेल्टविषयी. कराटेतला पट्टा आणि पांढरा ड्रेस ज्युदोकडून आला. ज्युदोचे संस्थापक जिगोरो कानो यांनी ही पद्धत बसवली आणि फुनाकोशींनी ती उचलली. त्यांनी पहिले ब्लॅक बेल्ट १९२४ साली दिले. रंगीबेरंगी पट्टे तर फार नंतरचे. मुलांचा उत्साह टिकावा म्हणून ते आले आणि त्यासाठी ते चांगलेच आहेत. पिवळा पट्टा मिळाल्यावर मुलाच्या चालण्यात फरक पडतो, तो मी नाकारणार नाही. पण आमच्याकडे पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत नियमित येणाऱ्या मुलालाही साधारण तीन-चार वर्षे लागतात. प्रत्येक परीक्षेत किहोन म्हणजे मूळ हालचाली, काता आणि कुमिते म्हणजे समोरासमोरची लढत, तिन्ही बघितले जाते. एका वर्षात हे सगळे अंगी मुरत नाही. शरीराला एकच ठोसा हजारदा मारावा लागतो तेव्हा कुठे दुसरा हात न सांगता कमरेशी मागे खेचला जातो. फलकावर वर्ष लिहून काळा पट्टा विकणारे शिक्षक मुलाच्या कमरेला एक कापड बांधतात आणि त्याला सांगतात की आता तुला कुणी हरवू शकत नाही. त्या मुलाला रस्त्यात कुणी खरेच अंगावर आले तर? ही काळजी मला झोपू देत नाही.

मुलींच्या आया मला म्हणतात, "तिला वाकायला नका शिकवू, मारायला शिकवा. वाकायचे तर आम्ही जन्मभर शिकवतोच." या वाक्यामागचे दुःख मला कळते आणि ते मी हलके घेत नाही. त्यांना मी इची-नी-सान, म्हणजे जपानीतले एक-दोन-तीन, ऐकायला बसवते. आमच्याकडे सरावात मोजण्याची पाळी रांगेतल्या प्रत्येकावर येते. इची, नी, सान, शी, गो, आणि सगळा वर्ग त्या आवाजावर ठोसा मारतो. सहावीतली एक मुलगी आहे, आईवडील दोघेही मागावर. तिची पाळी आली की ओठ हलायचे, आवाज यायचा नाही. वर्ग थांबायचा, कारण मोजल्याशिवाय कुणी ठोसा मारायचा नाही असा नियम आहे. कुणी हसायचे नाही, कुणी तिच्याऐवजी मोजायचे नाही, हाही नियमच. पहिल्या आठवड्यांत 'सान'पर्यंत कसेबसे यायचे. पावसाळा संपत आला त्या सुमारास एका संध्याकाळी ती 'जू'पर्यंत, म्हणजे दहापर्यंत, गेली आणि शेवटच्या आकड्यावर तिने अशी किंकाळी फोडली की शेजारच्या मागावरचा एक जण दारात येऊन बघून गेला. त्या किंकाळीला आम्ही कियाई म्हणतो. अंगावर आलेल्या माणसाला आधी थांबवते ती हीच. तिला ती सापडली ती रांगेतल्या शिस्तीत, जिथे सगळ्यांनी तिच्यासाठी गप्प उभे राहणे बंधनकारक होते.

सरकारी शाळांतल्या मुलींसाठी राणी लक्ष्मीबाई आत्मरक्षा प्रशिक्षण ही योजना आहे. मुदत तीन महिने. चांगली योजना आहे आणि ती चालू राहावी. पण तीन महिन्यांत वीस डाव उरकण्यापेक्षा चार डाव, एक आवाज आणि समोरच्याच्या डोळ्यात बघून उभे राहणे एवढेच शिकवावे, अशी शिकवणाऱ्या माझ्या सहकाऱ्यांना विनंती आहे.

वाकण्याचा आणि लढण्याचा संबंध नाही असे ज्यांना वाटते, त्यांनी टोकियो ऑलिंपिक आठवावे. २०२१ च्या ऑगस्टमध्ये बुडोकानमध्ये कराटे पहिल्यांदाच ऑलिंपिकमध्ये खेळले गेले. ओकिनावाचा रियो कियुना काताचे सुवर्णपदक जिंकला आणि जिंकल्यावर मॅटच्या मधोमध गुडघे टेकून त्याने वाकून नमस्कार केला. दुसऱ्या दिवशी पुरुषांच्या सर्वांत वरच्या वजनगटात कुमितेची अंतिम लढत होती. सौदी अरेबियाचा तारेग हमेदी ४-१ असा पुढे होता. त्याची लाथ इराणच्या सज्जाद गंजजादेच्या मानेशी इतकी जोरात बसली की तो जागीच आडवा झाला आणि त्याला स्ट्रेचरवर न्यावे लागले. पंचांनी हमेदीला बाद केले. सुवर्ण गंजजादेला मिळाले. आडवा पडलेला जिंकला आणि उभा राहिलेला हरला, हे बघून बऱ्याच लोकांना धक्का बसला. पण कराटेत वार अंगाजवळ रोखता आला पाहिजे, ही पहिल्या दिवसापासूनची अट आहे. मुले जोडीने सराव करतात तेव्हा आधी एकमेकांना वाकतात, आणि त्या वाकण्याने एक करार होतो, की मी पूर्ण जोर लावीन पण तुझ्या नाकापुढे मूठ थांबवीन. 'यामे', म्हणजे 'थांबा', म्हटले की अर्ध्यात असलेला हात अर्ध्यातच थांबला पाहिजे. चिडलेल्या मुलाकडून ते होत नाही. चिडलेले मूल मी बाजूला गुडघ्यांवर बसवते, श्वास खाली आला की परत रांगेत. शिक्षा म्हणून उठाबशा मी देत नाही.

'ओस्' हा होकाराचा आणि अभिवादनाचा जपानी शब्द आमच्या वर्गातही आहे, मुलांना तो फार आवडतो. पण रस्त्यात आजी भेटली की ताठ उभे राहून 'ओस्' ओरडायचे नाही, नमस्कार करायचा. हे मी दर जूनमध्ये सांगते.

पालकांना माझे सांगणे असे की वर्ग निवडताना आधी तासभर मागे बसून बघा. शिक्षक स्वतः चप्पल बाहेर काढतो का, मुलांना उलट वाकतो का, एखादे मूल पडले तर वर्ग थांबतो का, मारहाण करतो का, हे बघा. बेल्ट परीक्षेची फी किती आणि वर्षातून किती परीक्षा, हे पहिल्याच दिवशी विचारा. ज्याला सांगायला संकोच वाटतो त्याच्याकडे घालू नका. आणि पहिल्या महिन्यात ड्रेस विकत घेण्याची घाई करू नका, टी-शर्ट आणि साधी ट्रॅक पँट पुरते. घ्याल तेव्हा मुलाच्या मापाचा घ्या. वाढत्या अंगाचा म्हणून दोन साइज मोठा घेतलेला ड्रेस पायात येतो आणि मूल लाथ मारताना तोंडावर पडते. लांब झालेली पँट घोट्याच्या वर दुमडून आतून शिवून घ्या, पुढच्या वर्षी उसवून पुन्हा वापरता येते.

कळावे,
आपली,
एक कराटे प्रशिक्षिका, इचलकरंजी